इलेक्ट्रॉनिक ड्रमचा कंठ

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या गणेशोत्सवांत तबला-ढोलकीच्या शेजारी ऑक्टापॅड येऊन बसला, त्याला आता बराच काळ लोटला. रोलंड या जपानी कंपनीने तो १९८५ साली बाजारात आणला. पुढे १९९७ साली त्याच कंपनीने पुडीच्या जागी बारीक जाळी ताणलेला ड्रमसंच काढला. आज अनेक कंपन्यांचे असे संच मिळतात आणि मध्यमवर्गीय घरांतील मुलेमुलीही त्यासाठी हट्ट धरतात. पालक पोटाला चिमटा घेऊन संच घेतात. मात्र त्याला जोडावयाचा ॲम्प्लिफायर ‘मिळेल तो, स्वस्तातला’ या न्यायाने घरी येतो. या दुय्यम वाटणाऱ्या वस्तूचा थोडा विचार करू.

तबल्याला स्वतःचा आवाज असतो. इलेक्ट्रॉनिक ड्रमला तो जवळजवळ नसतोच. टिपरी पडली की पॅडखालचा संवेदक त्या आघाताचे विजेच्या स्पंदात रूपांतर करतो, आणि शेजारची पेटी आघाताच्या जोरानुसार साठवलेला ध्वनी बाहेर पाठवते. पॅडचा स्वतःचा आवाज म्हणजे केवळ ‘टप टप’. म्हणून या वाद्याचा कंठ म्हणजे त्याचा ॲम्प्लिफायरच होय.

हा कंठ कसा असावा? पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा खर्ज सेकंदाला सुमारे ५०-६० कंपनांपर्यंत उतरतो. झांजेची किणकिण १०,००० कंपनांच्याही पलीकडे जाते. गिटारचा ॲम्प्लिफायर या कामी येत नाही. गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ कंपनांची, आणि त्या ॲम्प्लिफायरचा कर्णा साधारण ५,००० कंपनांपुढे मंदावतो. त्यातून झांज वाजली की ती गोधडीखालून वाजल्यासारखी भासते. बेस गिटारचा ॲम्प्लिफायर खर्ज उत्तम देतो, परंतु पुष्कळांत उंच स्वरांसाठी वेगळा कर्णा नसतो. घरच्या म्युझिक सिस्टिमचीही अडचण आहे. ध्वनिमुद्रित गाण्यातील चढउतार बहुधा आधीच आटोक्यात आणलेले असतात. ड्रमचे आघात मात्र जसेच्या तसे येऊन आदळतात, आणि आवाज चढवला तर कर्णा फाटण्याची भीती असते.

तेव्हा योग्य पर्याय दोन: कीबोर्डसाठीचा ॲम्प्लिफायर, किंवा आतच ॲम्प्लिफायर असलेला पॉवर्ड स्पीकर. कर्णा १० किंवा १२ इंची असावा आणि उंच स्वरांसाठी वेगळा छोटा कर्णा असावा. काटकसरी गृहस्थाला दुसरा विशेष पटण्यासारखा आहे. कारण त्याच पेटीवर भजनी मंडळाचा मायक्रोफोन आणि मंडळाच्या कार्यक्रमाचे निवेदनही चालते. एकाच खर्चात अनेक कामे साधणे हीच खरी स्वस्ताई.

वॉटच्या आकड्यांनी दिपून जाऊ नये. खोक्यावर ‘पीएमपीओ’ म्हणून छापलेला हजारोंचा आकडा निरर्थक समजावा. ‘आरएमएस’ किती ते विचारावे. वॉट दुप्पट झाले तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटण्यास शक्ती सुमारे दहापट लागते. म्हणून ५० ऐवजी १०० वॉट घेतल्याने आवाज दुप्पट होईल, ही समजूत चुकीची. घरच्या खोलीतील सरावाला ३०-५० वॉट पुरतात. सभागृहात इतर वाद्यांसोबत वाजवायचे असेल तर शंभराच्या वर जावे.

दुकानात परीक्षा सोपी आहे. प्रथम अगदी हलकी टिचकी, मग जोरदार आघात, मग पायाचा ड्रम व झांज एकदम वाजवून पाहावे. हलकी टिचकी ऐकू यावी, जोराचा आघात फुटू नये, पेटी खडखडू नये. एकच स्पीकर असेल तर वायर ‘एल/मोनो’ असे लिहिलेल्या छिद्रात घालावी. म्हणजे पूर्ण ध्वनी मिळतो. सुरू करताना ॲम्प्लिफायर सर्वांत शेवटी लावावा, बंद करताना सर्वांत आधी.

आणि शेजारधर्म? सदनिकेत राहणाऱ्याने पहिली खरेदी हेडफोनची करावी, कान पूर्ण झाकणाऱ्या. त्यातही आवाज बेताचाच ठेवावा, कारण तरुण कानांचे नुकसान नकळत होते व भरून येत नाही. मात्र पायाच्या पेडलचा धक्का जमिनीतून खालच्या घरी पोहोचतोच; तेथे जाड चटई हवी. स्पीकर जमिनीवर न ठेवता स्टँडवर ठेवावा. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकावर सरकारी निर्बंध आहेत. परंतु शेजारच्या आजोबांच्या दुपारच्या झोपेसाठी वेगळ्या नियमाची गरज पडू नये.

शेवटी एक गोष्ट, पैशांहून महत्त्वाची. वाजवणाऱ्याचा हात कानाकडून शिकतो. तबल्याच्या गुरूपाशी बसलेले मूल बोट किंचित हलके पडले तर आवाजात काय फरक पडतो, हे ऐकूनच घडते. निकृष्ट ॲम्प्लिफायर हा फरकच पुसून टाकतो. मग मूल अधिकाधिक जोराने बडवू लागते, मनासारखा आवाज निघत नाही म्हणून खट्टू होते, आणि आपल्या अंगी कला नाही असे समजून टिपऱ्या खाली ठेवते. दोष यंत्राचा आणि बोल मुलाला, असे होऊ नये. पैसे कमी असतील तर हेडफोनवर सहा महिने सराव होऊ द्यावा, आणि मग एकच, पण नेमका स्पीकर घ्यावा. तोवर थांबण्यात काही बिघडत नाही.