डाळिंबाची साल आणि टॉवेल
सोलापूरचं डाळिंब नावाजलेलं, टॉवेलही. साल मात्र बहुतेक वेळा उकिरड्यावर जाते. तिच्यात टॅनिन ठासून भरलेलं असतं. साल वाळवून, दळून पाण्यात उकळली की पिवळसर तपकिरी अर्क उतरतो आणि तुरटीत भिजवलेल्या सुती कापडावर चांगला धरतो. हा रंग जंतूंना रोखतो का, ही खरी परीक्षा पुढे आहे: कापडावर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू सोडायचा, ३७ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवायचं आणि जिवंत उरलेले जंतू न रंगवलेल्या साध्या कापडावरच्या जंतूंशी ताडून पाहायचे. रंगवलेल्या कोऱ्या कापडाचा निकाल झकास येऊ शकतो, पण मला विचाराल तर लेबलावर तो छापूच नये. तेच कापड वीसदा साबणाने धुवा, पुन्हा जंतू सोडा आणि तेव्हा जो आकडा येईल तो छापा. घरात वापरला जातो तो धुतलेलाच टॉवेल.