सोंग उतरवू द्या की!

मैत्रिणींनो, जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा पाहिलाय कधी? होळीपासून पुढे उन्हाळ्यात गावोगाव हा उत्सव होतो. संबळ-पिपाणीच्या तालावर रात्री देवदानवांची सोंगं नाचतात. मुखवटे कागदाच्या लगद्याचे, रंगवलेले. पुष्कळ ठिकाणी अमुक सोंग अमुक घराण्याचं, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. रावण किंवा महिषासुर वाट्याला आला, तरी तो घराण्याचा मानच! शेवटी जगदंबा महिषासुराला मारते, मुखवटा उतरतो आणि तो माणूस पुन्हा आपल्या शेतीभातीच्या कामाला लागतो.

सिनेमात मात्र उलट. निळू फुल्यांचंच बघा ना. ‘सामना’तला हिंदुराव धोंडे पाटील त्यांनी असा रंगवला, की चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवापर्यंत पोचला. माणूस राष्ट्र सेवा दलात घडलेला, साधा, समाजकार्यात रमणारा. पण बायका त्यांना पाहून बिचकायच्या! २००९ साली ते गेले, तरी नक्कल होते ती त्या खलनायकाचीच.

आपल्या घरांतही हेच होतं, नाही का? ‘खाष्ट सासू’, ‘फटकळ जाऊ’, ‘आळशी सून’. एकदा सोंग चिकटलं की सुटता सुटत नाही. पंचवीस वर्षं घर ओढताना सासूबाईंना कडक व्हावंच लागलं असेल. आता दुपारी कामं उरकली, की चहाचा कप घेऊन त्यांच्याजवळ बसा, त्यांच्या माहेरच्या गोष्टी विचारा. आणि मुलांसमोर ‘आजी रागीट आहे हं’ असं म्हणणं तेवढं आजपासून सोडा.