सूत्रांचं पक्षांतर

परीक्षा जवळ आली की हॉस्टेलच्या भिंतींवर सूत्रांचे कागद चिकटू लागतात. त्यात एक गंमत दिसते. वृत्तचितीच्या घनफळाचं सूत्र वर, त्याखाली उंचीचं वेगळं, त्याखाली त्रिज्येचं आणखी वेगळं. एकाच माणसाचे तीन फोटो तीन नावांनी लावल्यासारखं! माझं स्पष्ट मत आहे : पहिलं ठेवा, बाकीची दोन फाडून टाका.

या रोगाचं मूळ मला शाळेतल्या ‘पक्षांतर’ या शब्दात दिसतं. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ एवढंच डोक्यात बसलं. राजकारणात पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ साली आला. बीजगणितात मात्र पद खुशाल उडी मारतं आणि कारण कुणी विचारत नाही. खरं म्हणजे उडी कुणीच मारत नाही. दोन्ही बाजूंना एकच क्रिया करायची, तराजू कलू द्यायचा नाही, बस्स.

माझं गाव जामसंडे, देवगडला लागून. पाऊस धो धो पडतो, पण जांभ्याच्या सड्यावर पाणी ठरत नाही. एप्रिल-मे आला की सगळ्यांचं लक्ष बावीच्या तळाकडे. बाव म्हणजे विहीर. तिचा व्यास मोजायला मधून चालत कोण जाणार? कठड्याच्या आतल्या बाजूने दोरी फिरवायची. परीघ ४४ फूट भरला, तर तो २२/७ ने भागून व्यास १४ फूट. त्रिज्या ७, तोंडाचं क्षेत्रफळ १५४ चौरस फूट.

आता दहा हजार लिटरचा टँकर आत ओतला. म्हणजे साधारण ३५३ घनफूट पाणी. घनफळाला क्षेत्रफळाने भागा, उंची मिळेल : सुमारे २.३ फूट. विहीर खालपर्यंत सारखीच रुंद आहे आणि पाणी दीडच फूट चढलं, तर साडेसहा हजार लिटरच आले. पैसे मात्र दहा हजारांचे! अशा वेळी ‘उंचीचं सूत्र पाठ नव्हतं’ म्हणून चालेल का?

सूत्र उलटवताना क्रमही उलटा घ्यावा लागतो. घालताना आधी मोजे, मग बूट. काढताना आधी बूट. त्रिज्येचा वर्ग करून पायने गुणलं असेल, तर आधी पायने भागायचं, मग वर्गमूळ. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) व्यस्तविधी म्हणून हेच सांगितलंय : उत्तराकडून मागे या, गुणाकाराच्या जागी भागाकार, वर्गाच्या जागी मूळ.

कुणी म्हणेल, पेपरात वेळ कुठे असतो? मान्य. पण तीन सूत्रांतलं नेमकं कुठलं, हे आठवण्यात जाणारा वेळही मोजा ना! आणि सर-मॅडमना एक विनंती : व्हायवात सूत्र म्हणून दाखवायला सांगू नका. ते फळ्यावर लिहून द्या आणि त्रिज्या मागा. कुणाला विषय कळलाय, ते दोन मिनिटांत कळेल.