विद्याशाखा बदला, विद्या टाकू नका

गेल्या पावसाळ्यात आपल्या वसतिगृहाचा एक माजी विद्यार्थी मला भेटावयास घरी आला. वडील पाताळगंगा औद्योगिक क्षेत्रात कंत्राटी कामगार, आई चार घरची धुणीभांडी करणारी. मुलगा येथून दहावी झाला, पुढे इतिहास घेऊन बी. ए. झाला. चहा होण्याआधीच त्याने विचारले, "सर, मला कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डेटा सायन्सची पदव्युत्तर पदवी घ्यायची आहे. इतिहासवाल्याला हे जमेल का?"

मला चटकन उत्तर देता आले नाही. दहावीनंतर "कला शाखा घे, गणिताची कटकट राहणार नाही" असा सल्ला त्याला मीच दिला होता. असा सल्ला मी अनेकांना दिला आहे, आणि तो देताना मी त्यांच्यावर उपकार करीत आहे असे मला वाटत होते. आज तसे वाटत नाही. त्या मुलाला द्यावयाचे उत्तर माझ्या अन्य विद्यार्थ्यांनाही द्यावयाचे आहे, म्हणून ह्या स्मरणिकेत ते मांडीत आहे.

प्रथम ही पदवी म्हणजे काय ते पाहू. ज्यांनी पदवीला संगणकशास्त्र घेतले नव्हते, अशा कला, वाणिज्य वा विज्ञान शाखेच्या पदवीधरांना नव्या विषयात आणणारा हा पदव्युत्तर अभ्यासक्रम असतो. ब्रिटिश सरकारने 2019 मध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डेटा सायन्सच्या अशा 2,500 जागांसाठी निधी जाहीर केला. त्यासोबतच्या 1,000 शिष्यवृत्त्यांमध्ये स्त्रिया, कृष्णवर्णीय आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना अग्रक्रम दिला. ह्या क्षेत्रात एकाच थरातील माणसे राहिली तर यंत्रेही त्याच थराच्या नजरेने जगाकडे पाहू लागतील, हे तेथील राज्यकर्त्यांना उमगले. आपल्याकडे ह्याला सर्वांत जवळचा मार्ग एम. सी. ए.चा आहे. 2020-21 पासून तो दोन वर्षांचा झाला असून, बारावीला किंवा पदवीला गणित असलेला कोणत्याही शाखेचा पदवीधर त्यास पात्र ठरतो.

इतिहासवाल्याला हे जमेल का? जमेल, पण फुकट जमणार नाही. संख्याशास्त्र, संभाव्यता, रेषीय बीजगणित आणि पायथनसारखी संगणकाची भाषा हा त्याचा पाया आहे. सोडून दिलेले गणित पुन्हा आठवी-नववीपासून गिरवावे लागते. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही.

बाबासाहेबांनी विद्याशाखांच्या भिंती कधी मानल्या नाहीत. कोलंबियात अर्थशास्त्राच्या जोडीला त्यांनी समाजशास्त्र, इतिहास व मानववंशशास्त्र अभ्यासले. लंडनमध्ये अर्थशास्त्राची डी. एस्सी. मिळवीत असतानाच ते बॅरिस्टर झाले. 1918 साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध प्रसिद्ध केला. शेताचे तुकडे लहान म्हणून शेतकरी गरीब, ही सर्वमान्य समजूत त्यांनी आकडे तपासून नाकारली. शेतीवर विसंबलेल्या माणसांची गर्दी हे खरे दुखणे आणि औद्योगिकीकरण हा त्यावरील उपाय, असे त्यांनी दाखवून दिले. आकड्यामागे उभा असलेला माणूस ओळखणे ह्यालाच मी डेटा सायन्स समजतो.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. विद्याशाखा बदलताना आपली पहिली विद्या मागे टाकून जाऊ नये. एक उदाहरण देतो. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात 1951 च्या जनगणनेत बौद्धांची संख्या सुमारे अडीच हजार होती. 1961 मध्ये ती जवळजवळ 28 लाख झाली. हे दोन आकडे नुसत्या यंत्रापुढे ठेवले तर ते काय म्हणेल? नोंदणीत चूक झाली असावी, किंवा बाहेरून लोंढे आले असावेत. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात काय घडले हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच त्या आकड्यांचा अर्थ लागतो. गोष्ट येथेच संपत नाही. अनुसूचित जातींना मिळणाऱ्या केंद्राच्या सवलती बौद्धांना 1990 पर्यंत मिळत नव्हत्या. त्यामुळे मनाने बौद्ध झालेल्या कित्येक घरांनी कागदावर जुनीच नोंद ठेवली. म्हणजे 28 लाख हा आकडाही पूर्ण सत्य सांगतो असे नाही. आपल्या आजोबांनी शाळेच्या दाखल्यावर काय लिहिले आणि का लिहिले, हे ज्या मुलीने घरात ऐकले आहे, ती ह्या तक्त्यापाशी बसली तर जे पाहील ते दुसऱ्या कोणालाही दिसणार नाही.

यंत्र जुन्या नोंदींवरून शिकते आणि त्या नोंदींतील अन्यायही शिकते. अॅमेझॉन कंपनीने नोकरीचे अर्ज निवडण्यासाठी एक संगणकीय प्रणाली तयार केली होती. आधीच्या दहा वर्षांतील अर्ज बहुतांशी पुरुषांचे होते. म्हणून ती स्त्रियांच्या अर्जांना कमी गुण देऊ लागली. ही गोष्ट 2018 मध्ये उघडकीस आली. उद्या आपल्याकडे कर्ज, नोकरी, शिष्यवृत्ती ह्यांचे अर्ज अशी यंत्रे चाळतील, तेव्हा आडनाव आणि वस्तीचा पत्ता पाहून ती काय शिकतील? येत्या जनगणनेत जातीची गणना करण्याचा निर्णय केंद्र सरकारने 2025 मध्ये घेतला आहे. सर्व जातींची अशी मोजणी 1931 नंतर प्रथमच होईल. ते आकडे वाचणाऱ्यांत आपली मुले असावीत, एवढीच माझी मागणी आहे.

रसायनीकरांना वेगळे सांगायला नको. ह्या गावाचे नावच कारखान्यांनी दिलेले. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स 1960 साली स्थापन झाली. 2017 साली तिचे येथील बहुतेक प्रकल्प बंद करण्याचा निर्णय झाला. एका पिढीच्या आत एक उद्योगयुग आले आणि ओसरले. ह्या पट्ट्यात कारखाने आले तेव्हा विज्ञानाची पदवी असलेले प्रयोगशाळेत गेले आणि आपले बहुसंख्य लोक पिंपे उचलावयास गेले. हाताला काम मिळाले हे खरे, पण उशिरा शिकलो म्हणून दाराशीच राहिलो. नव्या युगाच्या दारात तरी तसे होऊ नये.

मात्र घाई करू नये. बाबासाहेबांनी 1935 मध्ये येवल्यास धर्मांतराची घोषणा केली आणि 1956 मध्ये दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे अभ्यासाची होती. आमच्या ह्या विद्यार्थ्याला मात्र एका खासगी कंपनीच्या प्रतिनिधीने फोनवर एका रात्रीत निर्णय घ्यावयास सांगितले. शुल्क लाखांत, त्यासाठी कर्जही तेच मिळवून देणार, आणि नोकरीची 'हमी'. मी कागद मागवून वाचले. त्यात पदवी नव्हतीच, होते फक्त प्रमाणपत्र. वडील भविष्यनिर्वाह निधी काढावयास निघाले होते.

पालकांना माझी विनंती आहे, की सही करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा. पदवी कोणत्या विद्यापीठाची? आणि महाडीबीटीवर तिला शिष्यवृत्ती लागू आहे का? एकाच पातळीवरील दुसऱ्या पदवीला ही शिष्यवृत्ती सहसा मिळत नाही, म्हणून एम. ए. ला प्रवेश घेण्याआधीच हा विचार करावा. ज्यांना खात्री नाही, त्यांनी आय. आय. टी. मद्रासचा 2020 पासून सुरू असलेला डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम पाहावा. त्याला जेईई लागत नाही. चार आठवड्यांच्या अभ्यासानंतर पात्रता परीक्षा होते, आणि अनुसूचित जाती-जमातींना व अल्प उत्पन्न गटाला शुल्कात मोठी सवलत आहे. चार आठवड्यांत आपली आवड आणि कुवत दोन्ही कळतात. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहेच.

माजी विद्यार्थ्यांपुढे दोन गोष्टी ठेवतो. तुमच्यापैकी जे अभियंते वा संगणकतज्ज्ञ आहेत, त्यांनी रविवारी दोन तास वसतिगृहात येऊन गणित शिकवावे. जे कमावते आहेत, त्यांनी एक छोटा निधी उभारावा, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी कोणाला सावकाराच्या किंवा कंपनीच्या कर्जाकडे जावे लागणार नाही. मी स्वतः ह्या वर्षापासून कोणत्याही मुलाला गणित सोडण्याचा सल्ला देणार नाही, हे येथे लिहून देतो.

कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यात एक छोटा ब्राह्मी लेख आहे. ते काम कण्हाचा अंतेवासी बलक ह्याने केले, एवढेच त्यात म्हटले आहे. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा, आपल्या वसतिगृहातील मुलासारखाच. त्याने आपले नाव कोरताना आपण कोणाजवळ शिकलो हेही कोरून ठेवले. आमचा तो विद्यार्थी सध्या नववीचे बीजगणित पुन्हा सोडवीत आहे. अडले की मला फोन करतो, आणि मी त्याला आमच्या गणिताच्या बाईंकडे पाठवतो. त्या एकही पैसा घेत नाहीत.

नमो बुद्धाय. जय भीम.