डॉक्टरला खोटी चिठ्ठी मागू नका

उमरेडच्या आमच्या वस्तीतला एक पोरगा डॉक्टर झाला. बापाने कोळशाच्या खाणीत ड्युट्या केल्या, आईने मिरचीचे देठ खुडले, तेव्हा कुठे दवाखान्यावर त्याच्या नावाची पाटी लागली. परवा आम्ही तिथे बसलो असता वस्तीतले एक काका आले. म्हणाले, "बापू, लग्नाला गावी गेलो होतो. चार दिवस ड्युटी बुडाली. ताप होता म्हणून चिठ्ठी लिहून दे. तू तर आपलाच!"

पोरगा नम्रपणे म्हणाला, "काका, जो ताप मी पाहिला नाही तो लिहू कसा?" काका रागाने निघून गेले. आम्हाला मात्र पोराचेच पटले.

वाचकहो, डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते. डॉक्टरांसाठी २००२ साली ठरलेल्या नियमांप्रमाणे खोटा दाखला देणे हे गैरवर्तन आहे. चौकशीत ते सिद्ध झाले तर परिषद त्याचे नाव नोंदवहीतून काही काळासाठी किंवा कायमचे काढू शकते. काकांचा चार दिवसांचा पगार वाचेल, पण दोन पिढ्यांच्या कष्टावर पाणी पडेल.

तुमच्या घरात डॉक्टर मुलगा-मुलगी असेल तर त्यांना एवढे वाचून दाखवा. दिलेल्या प्रत्येक दाखल्याची वहीत नोंद ठेवावी, त्यात रोग्याची ओळखखूण आणि सही किंवा अंगठा घ्यावा. भरती रोग्याचे कागद तीन वर्षे जपावेत आणि मागितल्यास ७२ तासांच्या आत द्यावेत. ऑपरेशनआधी लेखी संमती घ्यावी. नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर असावा. रोगी दुसरीकडे पाठवून कमिशन घेऊ नये. दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण विसरू नये. आणि सर्वांत मोठे म्हणजे, नातेवाइकांशी दोन शब्द नीट बोलावे. न बोलल्यानेच संशय वाढतो.

डॉक्टर खरोखर चुकला, तर परिषदेकडे लेखी तक्रार करण्याचा हक्क आपल्याला आहेच, मग तो डॉक्टर आपला असो की परका. पण आपणच त्याला चुकीच्या वाटेवर ओढायचे, हे बरे नव्हे.

काका, राग सोडा. ज्याने आज तुम्हाला खोटे लिहून दिले नाही, त्याच्याच खऱ्या चिठ्ठीवर उद्या तुमचा साहेब विश्वास ठेवील.