लिलावाची जाहिरात निघण्याआधी

चाळीतली खोली विकून, फंडातून पैसे काढून आणि उरलेले कर्ज घेऊन आपल्यातील कितीतरी कुटुंबांनी घर केले आहे. घर आपले, पण हप्ते फिटेपर्यंत कागद बँकेच्या तिजोरीत. मग नोकरी सुटते, घरात दुखणे येते, हप्ते तुंबतात आणि एक दिवस बँकेचे पाकीट येते. आत इंग्रजी नोटीस. कुणी ती समजत नाही म्हणून बाजूला ठेवतो, कुणी घरच्यांना काळजी नको म्हणून कपाटात दडवतो. आज आम्हाला या पाकिटाविषयीच बोलायचे आहे. कारण सुप्रीम कोर्टाच्या अलीकडच्या निकालांनंतर ते दडवून ठेवणे फार महागात पडू लागले आहे.

ही नोटीस २००२ च्या कायद्याखाली येते. त्याला लोक ‘सरफेसी’ म्हणतात. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की बँक खाते बुडीत धरते. मग ६० दिवसांत सगळी बाकी भरा, अशी नोटीस देते. नाही भरली, तर दिवाणी दावा न लावता बँक घराचा ताबा घेऊ शकते आणि ते विकूही शकते. ‘आमची तर सहकारी बँक, ती कशाला लिलाव करील?’ असे समजून कुणी बेसावध राहू नये. कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी निकाल दिला, की हा कायदा सहकारी बँकांनाही वापरता येतो.

आता मुख्य मुद्दा. पूर्वी घर विकले जाण्याच्या तारखेआधी सगळी बाकी आणि खर्च भरला, तर घर सोडवता येत होते. शेवटच्या दिवसापर्यंत धावपळ करून घर वाचवण्याची आशा असे. २०१६ साली संसदेने कलम बदलले. त्याचा अर्थ सुप्रीम कोर्टाने २१ सप्टेंबर २०२३ रोजी बाफना मोटर्सच्या प्रकरणात स्पष्ट केला. लिलावाची जाहिरात प्रसिद्ध झाली, की घर सोडवून घेण्याचा कर्जदाराचा हक्क संपतो. त्या प्रकरणात लिलावात सुमारे १०५ कोटींची बोली लागली होती. कर्जदार नंतर १२९ कोटी भरायला तयार झाला आणि मुंबई हायकोर्टाने त्याला परवानगीही दिली. सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली. सप्टेंबर २०२५ मध्ये याच कोर्टाने पुढे सांगितले, की कर्ज २०१६ च्या आधीचे असले तरी ते त्यानंतर थकले असेल तर नवाच नियम लागेल. कलमाची भाषा घोटाळ्याची आहे, सरकारने ती नीट करावी, असेही कोर्टाने सुचवले.

भांडण कोट्यवधींचे होते, पण नियम आपल्या दोन खोल्यांनाही तोच. व्यापाऱ्याकडे वकील असतो, हिशेबनीस असतो. आपल्याकडे दिवसपाळी आणि रातपाळी असते. म्हणून दिवस आपणच मोजायला हवेत.

कर्जदाराच्या हातात काहीच नाही, असेही नाही. नोटिशीला लेखी उत्तर देता येते. बँकेने त्यावर १५ दिवसांत कारणांसह कळवलेच पाहिजे. हिशेब चुकला असेल, भरलेला हप्ता जमा धरला नसेल, तर ते या उत्तरात लिहावे आणि पोच घ्यावी. कर्ज एक लाखाच्या आत असेल, किंवा बाकी मुद्दल-व्याजाच्या २० टक्क्यांहून कमी राहिली असेल, तर हा कायदा लागूच होत नाही. बँकेने ताबा घेण्याचे पाऊल उचलल्यापासून ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे ही न्यायाधिकरणे आहेत. तेथे जाण्याआधी ७५ टक्के रक्कम भरा, ही अट सुप्रीम कोर्टाने २००४ सालीच मार्डिया केमिकल्सच्या निकालात रद्द केली. पहिल्या लिलावाआधी कर्जदाराला ३० दिवसांची नोटीस मिळालीच पाहिजे. आणि घर विकून बाकी व खर्च वळते केल्यावर जास्तीचे पैसे उरले, तर ते कर्जदाराचे. ते मागायला लाजू नये.

वकिलाची फी कोठून आणायची, हा प्रश्न आम्हाला ठाऊक आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, कोणत्याही स्त्रीला आणि औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. ही सोय न्यायाधिकरणातील कामालाही आहे.

भगिनींना आमचे वेगळे सांगणे आहे. कर्जाच्या कागदावर पुष्कळदा तुमचीही सही असते. आपण कशावर सही केली, किती फिटले, किती उरले, हे विचारा. नवऱ्याने पाकीट दडवले असेल तर भांडण नंतर करा, आधी त्यावरची तारीख पाहा. इंग्रजी वाचणारा मुलगा किंवा मुलगी घरात असेल तर तिच्याकडून वाचून घ्या. बँकेत दोघांनी मिळून जा. हप्ते लांबवून मिळतील का, तडजोडीने रक्कम कमी होईल का, हे विचारा आणि जे ठरेल ते लेखी घ्या. घर विकावेच लागणार असेल, तर बँकेच्या संमतीने आपणच गिऱ्हाईक शोधलेले बरे. लिलावात पडत्या भावाने जाण्यापेक्षा चार पैसे हाती राहतात.

हे सारे जाहिरात निघण्याआधी करायचे आहे. तेव्हा नोटीस आली त्याच दिवशी तिच्यावर मिळाल्याची तारीख घाला आणि ती घरातल्या सर्वांना दाखवा.