टोपीकरांची हॅट आणि आपला पदर

"आता कमरेचा पट्टा आवळावा लागेल" असं वर्तमानपत्रात वाचलं की मला खटकतं. हात आखडता घेणं आपल्याकडे होतं की! "दुसऱ्याच्या बुटात पाय घालून पाहा" हे तर आता आमच्या घोडेगावातल्या भाषणांतही ऐकू येतं. त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा, म्हटलं तर काय बिघडतं?

इंग्रजी वाक्प्रचारांवर माझा राग नाही. शाळेत मी ते आवडीने शिकवले. त्यांचे शब्द शिवलेल्या कपड्यांतून आलेत: कॉलर, बाही, बटण, खिसा. आपले बहुतेक नेसायच्या-पांघरायच्या वस्त्रातून: पदर, ओटी, कासोटा, घोंगडी. (आपला खिसा आणि सापवाली अस्तनी फारसीतून आली, पण ती आता घरचीच झाली.)

एका पदराचा संसार बघा. पदर पसरणं, पदरमोड करणं, पदरात माप टाकणं, पदराला खार लावणं. पदर फक्त बायकांचा, असंही नाही. उपरण्याला पदर असतो, शेल्याला असतो. सरदाराच्या पदरी शिपाई असत, ते काही साडीच्या नव्हे!

यावर तरुण मंडळी म्हणतात, "सर, आता पोरी ड्रेस घालतात. पदरच नाही, तर हे शब्द कशाला?" मग हॅटट्रिकचं काय? १८५८ साली शेफील्डला स्टीफन्सन या गोलंदाजाने लागोपाठ तीन बळी घेतले, तेव्हा वर्गणी काढून त्याला हॅट दिली, अशी हकीकत सांगतात. आज गोलंदाजाला हॅट कुणी देत नाही. आमच्या मैदानावरच्या पोरांनी तर ती सिनेमातच पाहिलेली. तरी "हॅटट्रिक!" म्हणून ओरडतातच. आज्ञापत्रात अमात्यांनी इंग्रजांना टोपीकरांत बसवलं. त्यांची टोपी अशी अजून आपल्या तोंडी आहे. वस्तू गेली म्हणून शब्द जात नाही, आपण तो बोलायचा सोडतो तेव्हा जातो.

आणि सगळ्याच वस्तू कुठे गेल्यात? पश्चिमेला भीमाशंकर-आहुप्याकडे पावसाळ्यात घोंगडी एकदा भिजली की लवकर वाळत नाही. तिकडच्या पोराला "भिजत घोंगडं" समजावताना फळ्यावर काही लिहावं लागत नसे. कचेरीत खेपा घालणाऱ्या त्याच्या बापाला तर मुळीच नाही.